म्हातारं कुत्रं खात नाही, गोळीही घेत नाही: काय तपासायचं, काय बदलायचं

चार दिवस बरं चालतं आणि मग एका सकाळी कुत्रं ताट हुंगून तोंड फिरवतं. डॉक्टर इंजेक्शन देतात, ते दोन दिवस खातं, घरी गोळ्या सुरू झाल्या की पुन्हा बंद. दहा-बारा वर्षांचं आजारी कुत्रं ज्या घरात आहे तिथे हा फेरा महिनोन्‌महिने चालू राहतो. "म्हतारं व्हई गय ते, आते काय खाई?" असं ओट्यावर बसलेलं कुणीतरी सहज बोलून जातं, आणि हळूहळू घरच्यांनाही ते पटायला लागतं.

मला ते पटत नाही. नुसतं वय झालं म्हणून कुत्रं जेवण सोडत नाही. भूक थोडी कमी होते, झोप वाढते, पण ताटाकडे पाठ फिरवण्यामागे दुखणं असतं, मळमळ असते, ताप असतो. आणि पुष्कळ घरांत आणखी एक कारण असतं: कडू गोळी रोज जेवणात लपवल्यामुळे त्या जेवणाचाच धसका बसलेला असतो. खाण्याचा प्रश्न आणि औषधाचा प्रश्न आपण एकाच ताटात कालवतो, आणि मग दोन्ही सुटत नाहीत. ते वेगळे केले की बऱ्याच कुत्र्यांची गाडी रुळावर येते, आमच्या शेरूचीही आली.

त्याआधी, थांबायचं कधी नाही ते सांगतो.

घरगुती उपाय करत बसायचं नाही अशी वेळ

हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसत असतील, पोट फुगून घट्ट झालं असेल आणि ओकारी काढूनही काही पडत नसेल, झटके येत असतील, दिवसभर लघवीच झाली नसेल, पाणीही पोटात टिकत नसेल, शी डांबरासारखी काळी होत असेल, किंवा शांत झोपलेलं असताना मिनिटाला ४० च्या वर श्वास चालत असेल, तर पुढचं वाचू नका, गाडी काढा. झोपेतला श्वास एरवी मिनिटाला ३० च्या आत असतो. छाती वर-खाली होण्याचा एक श्वास धरायचा आणि पूर्ण मिनिट मोजायचं.

नसबंदी न झालेली म्हातारी कुत्री असेल तर एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा. माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, एकाएकी पाणी खूप पिते, खात नाही, उलट्या करते, मागून घाण वासाचा स्राव येतो किंवा येतही नाही पण पोट जड दिसतं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. यात रात्र काढणंही धोक्याचं आहे. सोनोग्राफीत ते कळतं आणि बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं.

शेतावरच्या कुत्र्याबाबत आणखी एक. कपाशीवर फवारणी चालू असताना किंवा उंदरांसाठी औषध ठेवलेलं असताना कुत्र्याने खाणं सोडलं, तोंडातून लाळ गळतेय, अंग थरथरतंय, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात, तर विषबाधा धरूनच चाला आणि औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन जा.

खात नाही की खाता येत नाही?

डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर तुमच्याकडेच असतं. ताट ठेवा आणि बाजूला बसून काहीही न बोलता बघा.

काही कुत्री ताटाकडे धावत येतात, घास उचलतात आणि टाकून देतात. किंवा एकाच बाजूने चावतात, मान वाकडी करतात, पोळीचा तुकडा चघळून बाहेर काढतात. याला भूक आहे, तोंड दुखतंय. वरचा ओठ उचलून मागच्या मोठ्या दाढा बघा. तपकिरी थर, लाल हिरडी, कुजका वास, हलणारा दात, जिभेखाली फोड किंवा गाठ, टाळूत आडवं अडकलेलं हाड, सगळं बघा. डोळ्याच्या खाली गालावर सूज आली असेल तर वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याची ती खूण असते. कितीतरी वेळा लोक तिला गांधीलमाशी चावली असं समजून हळद लावत बसतात.

दुसऱ्या प्रकारचं कुत्रं ताटाजवळ येतं, हुंगतं आणि मागे सरतं. ओठ चाटत राहतं, लाळ गळते, वारंवार गिळतं, अंगणात जाऊन गवत खातं, फरशी किंवा भिंत चाटतं. ही मळमळ. उलटी झाली नाही म्हणून मळमळ नाही असं समजू नका. म्हाताऱ्या आजारी कुत्र्यांत हेच सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षितही हेच राहतं, कारण घरच्यांना ते नखरे वाटतात. डाळभात नको, पण बिस्कीट दिलं तर एक खाल्लं, म्हणजे नाटक करतोय! नाही हो. मळमळत असतानाही एखादी आवडीची वस्तू माणूस तोंडात टाकतोच ना.

तिसरं कुत्रं उठतच नाही. त्याला ताटापर्यंत जायचं दुखतंय. गुळगुळीत फरशीवर पाय पसरतात, मान खाली घातली की मणक्यात कळ येते. अशा वेळी ताट त्याच्या छातीच्या उंचीवर पाटावर ठेवा आणि पायाखाली गोणपाट किंवा चटई टाका. एवढ्याने खायला लागलेली कुत्री मी पाहिली आहेत. दिसणं कमी झालं असेल तर ताटाची आणि पाण्याची जागा बदलू नका.

आता घरच्या घरी करायच्या तपासण्या. साधा डिजिटल थर्मामीटर तेल लावून गुदद्वारात घालून ताप बघायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून १०१ बघून घाबरू नका. १०३ च्या वर गेलं की ताप, ९९ च्या खाली उतरलं की तेही वाईट. हिरडीवर बोट दाबून सोडा, पांढरा झालेला ठिपका २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती हळूहळू खाली बसली, हिरड्या चिकट लागल्या, तर अंगातलं पाणी कमी झालंय. म्हाताऱ्या, वाळलेल्या कुत्र्याची कातडी एरवीही सैल असते, त्यामुळे नुसत्या कातडीवर विसंबू नका.

आपल्या खानदेशात नेहमी सापडणारी कारणं

मूत्रपिंड थकणं हे पहिलं. पाणी खूप पितं, लघवी पाण्यासारखी पांढरी, वजन उतरतं, तोंडाला लघवीसारखा वास, तोंडात फोड, आणि खाण्याची शिसारी. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारा घटक) १.४ पर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे ठीक धरतात, २.८ च्या पुढे आजार बराच पुढे गेलेला, आणि ५ च्या वर गेलं की शेवटची पायरी. पण अंगात पाणी कमी असतानाही हा आकडा वर दिसतो, म्हणून सलाईन लावून पुन्हा तपासल्याशिवाय निराश होऊ नका. या कुत्र्यांना भूक नसण्याचं मूळ मळमळीत आणि पोटातल्या आम्लात असतं. उलटी थांबवणारं औषध नीट दिलं की बऱ्याचदा भूक परत येते. चामडीखाली सलाईन देणं घरच्यांनाही शिकता येतं, डॉक्टरांना विचारा.

गोचीड ताप हे दुसरं. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड वाढतात, आणि गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्याला तर बाराही महिने. ताप, सुस्ती, फिक्या हिरड्या, कधी नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी येतात. यावर बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिन ही गोळी महिनाभर चालते, आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण ही गोळी रिकाम्या पोटी हमखास मळमळवते. ताप उतरलेला असतो, पण कुत्रं गोळीमुळे खात नसतं. घरच्यांना वाटतं आजार बळावला. खरं तर खाण्यानंतर गोळी, आणि गोळीनंतर पाणी, एवढा क्रम पाळला तर निम्मा त्रास जातो. ही गोळी कोरडी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते, म्हणून वरून पाणी किंवा पातळ घास दिलाच पाहिजे. आणि ती दुधातून, पनीरमधून देऊ नका, कॅल्शियममुळे तिचा गुण कमी होतो.

संधिवातावरच्या वेदनाशामक गोळ्या पोटात जखमा करू शकतात. मेलोक्सिकॅमसारखी गोळी चालू आहे आणि कुत्र्याने खाणं सोडलं, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि घरातल्या डब्यातली माणसांची गोळी, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. म्हातारं मूत्रपिंड आणि यकृत ते झेपत नाही.

यकृत, हृदय, स्वादुपिंड, पोटातल्या गाठी ही कारणंही आहेतच, पण ती घरी ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. स्वादुपिंडाबद्दल इतकंच सांगतो की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा लग्नघरात तुपाची पुरणपोळी, तळण, मटणाची चरबी प्रेमाने खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं पाठीची कमान करून उलट्या करायला लागलं, तर डॉक्टरांना काय खाल्लं ते न लपवता सांगा.

गोळी जेवणात लपवणं बंद करा

कुत्र्याचं नाक आपल्याला फसवता येत नाही. मेट्रोनिडाझोलसारखी गोळी कुटून डाळभातात कालवली की कडूपणा सगळ्या ताटात पसरतो. कुत्रं दोन घास खातं, थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी डाळभात बघूनच तोंड फिरवतं. मग आपण दही-भातात कालवतो, मग अंड्यात, मग चिकनमध्ये. एकेक पदार्थ असा जळत जातो आणि शेवटी त्याला खाता येईल असं काही उरतच नाही. वर गोळी पूर्ण पोटात गेली की अर्धी, तेही कळत नाही.

म्हणून पहिला नियम: मुख्य जेवणाचं ताट स्वच्छ ठेवा. त्यात कधीही औषध नाही. औषधाची जागा वेगळी, वेळ वेगळी, शक्य असेल तर भांडंही वेगळं. ज्या पदार्थाचा धसका बसलाय तो पदार्थ काही दिवस घरात त्याच्यासमोर आणूच नका.

दुसरं, कोणती गोळी केव्हा द्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सगळ्या गोळ्या एकदम जेवणात द्यायच्या नसतात. पॅन्टोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी लागते आणि ती कुटायची नसते, तिच्यावरचं आवरण आतड्यापर्यंत टिकावं लागतं. हृदयासाठीचं पिमोबेंडान जेवणाआधी तासभर देतात. सुक्राल्फेट हे पोटातल्या जखमांचं औषध बाकीच्या गोळ्यांना धरून ठेवतं, म्हणून त्यात आणि इतर औषधांत दोन तासांचं अंतर. उलटीचं औषध सगळ्यांच्या आधी. वेळापत्रक एकदा असं मांडलं की लक्षात येतं, जेवणाबरोबर द्यायच्या गोळ्या एक-दोनच उरतात.

तिसरं, तीन घासांची पद्धत. नखाएवढे तीन गोळे करा. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा. पहिला दिला की दुसरा लगेच, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो. गोळे कशाचे? आपल्याकडे पिकलेल्या केळ्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. चिकट, मऊ, वासाचं, आणि रावेर-यावलच्या माणसाला ते शोधायला लागत नाही. उकडलेला बटाटा, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग, उकडून ठेचलेली कोंबडीची कलेजी, हेही चालतं. मधुमेह असेल तर केळं आणि गूळ नको. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते आधी वाचा, ते कुत्र्यांना विषासारखं आहे.

गोळी हाताळलेल्या बोटांनी तिसरा गोळा देऊ नका. बोटाला लागलेला कडू वास त्याला पुरतो. कडू गोळीसाठी मेडिकलमध्ये रिकामी कॅप्सूल मिळते का विचारा. गोळी आत घालून कॅप्सूलवर किंचित तूप लावलं की वास दबतो आणि ती घशातून घसरते.

आणि हे काहीच जमलं नाही तर हाताने. कुत्र्याला कोपऱ्यात पाठ टेकून बसवा, तुम्ही समोर नाही, बाजूला. एका हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरा, नाक थोडं वर करा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि गोळी जिभेच्या मधोमध जितकी मागे जाईल तितकी ठेवा. तोंड मिटा, मान सरळ करा, घसा वरून खाली चोळा. नाक चाटलं म्हणजे गिळलं. मग गालाच्या बाजूने सिरिंजने ५ मिली पाणी, आणि शेवटी काहीतरी आवडीचं. दोन माणसांनी दाबून, ओरडून, पाय धरून केलेलं औषधपाणी एकदा होतं, पण दुसऱ्या दिवशी कुत्रं तुमची चाहूल लागताच खाटेखाली जातं. मान दुखणाऱ्या किंवा चावऱ्या झालेल्या कुत्र्यावर हा प्रयोग करूच नका.

रोज झटापट होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "गोळी जात नाही, दुसरा मार्ग द्या." बऱ्याच औषधांचं इंजेक्शन किंवा पातळ औषध मिळतं, काही गोळ्या दिवसातून दोनदा ऐवजी एकदा देता येतात, आणि सप्लिमेंटची बाटली, टॉनिक, यकृताचं सिरप यातलं कमी महत्त्वाचं काय ते डॉक्टर काढू शकतात. आठ औषधं लिहिलेली असतील आणि तीनच पोटात जात असतील, तर ती तीन कोणती असावीत हे डॉक्टरांनी ठरवलेलं बरं. अट एकच, मनाने काही बंद करू नका. फिट्सची गोळी, स्टिरॉइड ही औषधं एकदम थांबवली तर जीवावर बेतू शकतं. आणि इन्सुलिन चालू असलेल्या कुत्र्याने जेवण सोडलं तर नेहमीचा डोस टोचायच्या आधी डॉक्टरांशी बोला, साखर धोकादायक खाली जाते.

ताटात काय

मळमळ आटोक्यात आली की खाण्याकडे वळायचं, आधी नाही. २० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही साधारण ६५० ते ७०० किलोकॅलरी लागतात. एका उकडलेल्या अंड्यात साधारण ७०, १०० ग्रॅम भातात १३०, १०० ग्रॅम उकडलेल्या चिकनमध्ये दीडशेच्या आसपास. म्हणजे दोन चमचे दूध प्यायलं आणि अर्धं बिस्कीट खाल्लं याला "खाल्लं" म्हणता येत नाही. घरात हिशेब एकानेच ठेवावा. आजी पोळी टाकते, पोरं टोस्ट देतात, शेजारी हाडं, आणि मग कुणालाच सांगता येत नाही की कुत्र्याने दिवसभरात किती खाल्लं.

सुरुवातीला मऊ, मिळमिळीत, वासाचं आणि कोमट. अंगाइतकं कोमट असलं की वास उठतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंद झालेलं असतं. मऊ शिजवलेला भात आणि बारीक केलेलं चिकन, त्यातच चिकन उकडलेलं पाणी घालून सरसरीत. तांदूळ-मुगाची पातळ खिचडी, फोडणीशिवाय. काटे पूर्ण काढलेली उकडलेली मासळी. नेहमीची दूध-भाकरी चालत आली असेल आणि पचत असेल तर बंद करू नका, पण कळण्याची भाकरी उडदामुळे जड पडते, ज्वारीची मऊ कुस्करून द्या. दिवसातून चार-पाच वेळा, मूठ-मूठ. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर ताट उचला, दिवसभर तोंडासमोर ठेवलेलं अन्न मळमळणाऱ्या कुत्र्याला छळतं.

आपल्या स्वयंपाकघरातला मोठा धोका कांदा-लसणाचा. कुत्रं काहीच खात नाही म्हणून शेवभाजीच्या रश्श्यात पोळी बुडवून देणं, थंडीत मळ्यात भरीत झालं की त्यातलं थोडं पुढे करणं, हे प्रेमापोटी होतं. पण कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आधीच फिक्या हिरड्या असलेल्या गोचीड तापाच्या कुत्र्याला तर तो आणखी मारक. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक, चॉकलेटही नको. शिजवलेली हाडं टोचतात, अडकतात, आणि बद्धकोष्ठ करतात. कुंथणारं कुत्रं खाणं सोडतंच.

मूत्रपिंडाच्या कुत्र्यासाठी मिळणारं खास खाणं उपयोगी आहे. फॉस्फरस कमी असतो, म्हणून घरच्या खाण्यातही अंड्याचा पांढरा भाग जास्त आणि बलक कमी ठेवतात. पण ते खाणं मळमळ चालू असताना पहिल्यांदा पुढे केलं तर कुत्रं त्याचाही कायमचा धसका घेतं. आधी बरं वाटू द्या, मग जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत जा. तोवर जे खाईल ते. चुकीचं खाणं हे उपाशी राहण्यापेक्षा बरं, विषारी गोष्टी सोडून.

सिरिंजने भरवावं का? थोडं, शुद्धीवर असलेल्या आणि नीट गिळणाऱ्या कुत्र्याला, गालाच्या बाजूने, डोकं आडवं ठेवून, एकावेळी २-३ मिली, आणि प्रत्येक वेळी गिळल्याची खात्री करून. डोकं वर करून घशात ओतलेलं अन्न फुप्फुसात जातं आणि त्याचा न्यूमोनिया म्हाताऱ्या कुत्र्याला आजारापेक्षा आधी नेतो. खोकणारं, धाप लागलेलं, आवाज घोगरा झालेलं, मान न सावरणारं कुत्रं असेल तर सिरिंज बाजूला ठेवा. मळमळणाऱ्याला जबरदस्तीने भरवलं की धसका आणखी वाढतो, म्हणून हा उपाय एक-दोन दिवसांचाच. त्यापुढे भूक वाढवणारं औषध किंवा मोठ्या शहरातल्या दवाखान्यात अन्ननलिकेत नळी, हे डॉक्टरांशी बोला.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. या दिवसांत धडधाकट कुत्रंही दुपारी खात नाही. जेवण उजाडायच्या आत आणि रात्री उन्हाची धग उतरल्यावर द्या. धाब्याच्या घरातली जमीन थंड असेल तर तिथे, नाहीतर कूलरच्या वाऱ्यात, ओल्या गोणपाटावर जागा करा. पाणी माठातलं, दोन ठिकाणी, दिवसातून अनेकदा बदललेलं. २० किलोच्या कुत्र्याला खाण्यातलं धरून दिवसाला लिटरभर पाणी लागतं. लाइट जाणार असेल त्या दिवशी कुत्रं घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत. कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०५ फॅरनहाइटच्या पुढे गेलं तर साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालत घालत दवाखान्यात न्या. बर्फात घालू नका.

डॉक्टरांकडे जाताना

तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बहुतेक वेळ गायी-बैलांच्या कामात असतो, पण सलाईन, इंजेक्शन, पहिली तपासणी तिथे होऊ शकते. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची विचारणा करता येते, ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे हे लक्षात ठेवून. रक्त, सोनोग्राफी, दात काढणं यासाठी जळगाव, धुळे किंवा नाशिक गाठावं लागतं. एवढ्या लांब नेताना उन्हाची वेळ टाळा, आणि एकाच फेरीत काम व्हावं म्हणून तयारीने जा.

तयारी म्हणजे ताटाजवळ तो कसा वागतो याचा मोबाईलवर व्हिडिओ. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं ओठही चाटत नाही आणि लंगडतही नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आधीचे रिपोर्ट, आणि वहीचं एक पान: तारीख, किती खाल्लं, पाणी, लघवी, शी, उलटी, कोणती गोळी किती वाजता गेली. खाणं बंद होण्याचा हा फेरा पुन्हा पुन्हा येत असेल तर या वहीतच तो सापडतो. अमुक गोळी सुरू झाली की तिसऱ्या दिवशी ताट नाकारतं, किंवा सलाईन थांबलं की आठवड्याने. डॉक्टरांना असा धागा हातात दिला की इलाज नेमका होतो. विचारायचंही ठरवून जा: मळमळीवर काय देताय? दुखण्यावर काय? क्रिएटिनिन, फॉस्फरस, प्लेटलेट, यकृताची तपासणी झाली का? वजन मागच्या वेळेपेक्षा किती उतरलं?

फेरा थांबतच नसेल तर

मळमळीचं औषध पोहोचलं, दात काढले, गोळ्या सुटसुटीत केल्या, आणि तरीही चांगले दिवस कमी होत चालले, असं एका टप्प्यावर होतं. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी सात गोष्टींना ० ते १० गुण (१० म्हणजे सगळ्यात बरं) द्यायची पद्धत सांगितली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. बेरीज ३५ च्या वर असेल तर पुढे चालायला हरकत नाही असं त्या मानतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण लिहावेत, एकमेकांचे न बघता. रोज सोबत बसणाऱ्या माणसाला उतार दिसत नाही, आणि आठवड्याने पुण्याहून आलेल्या मुलीला तो दारातच दिसतो.

अशा कुत्र्याच्या तोंडात दिवसातून सहा वेळा बोटं घालणं थांबवायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांसमोर औषधांची यादी ठेवा आणि यातलं आयुष्य वाढवणारं कोणतं आणि त्रास कमी करणारं कोणतं ते वेगळं लिहून मागा. इंजेक्शनने शांतपणे सोडवण्याचा पर्यायही विचारा, डॉक्टर घरी येतात का ते विचारा, आणि हे बोलणं तो अगदी अखेरच्या धापेला लागायच्या आधी करा, घरातल्या पोरांना सोबत घेऊन. दुखण्याचं आणि मळमळीचं औषध मात्र शेवटपर्यंत चालू ठेवायला सांगा. ती दोन्ही इंजेक्शनने देता येतात.